इंडेक्स आपोआप होतो

— नाही, नाही, थांबा, ‘सॉफ्टवेअर बिघडलं’ असं नका लिहू. बिघडलं काहीच नव्हतं. बिघडलेलं परवडतं एक वेळ, दिसतं तरी. हे व्यवस्थित चालत होतं, हिरवा दिवा लावून चालत होतं, आणि खोटं बोलत होतं. तसं लिहा. — नाही लिहिता येत? बरं, मग नुसतं ऐका, लिहायचं काय ते मागाहून ठरवा. बसा की मॅडम, ती खुर्ची पुढे ओढा — एसीखाली नको, तो गळतो, तीनदा तक्रार केली, माणूस येतो, वर बघतो, मान हलवतो, जातो. तर चौकशी समितीने मला अर्धा तास दिलाय म्हणे. अर्ध्या तासात आमचे आपोआप तुम्हाला अख्खं सॉफ्टवेअर उभं करून दाखवतील. मला वेळ लागतो. सव्वीस वर्षं मी या हॉस्पिटलचा डेटा सांभाळतेय. पेशंटचं नाव, वय, रक्तगट, कुणाला कशाची ॲलर्जी, कुणाच्या पायात सळई — साडेसहा लाख माणसं आहेत या खोलीत, त्या कपाटाएवढ्या मशीनमध्ये. एकाचं दुसऱ्याला लागलेलं नाही सव्वीस वर्षांत. हे मात्र लिहा.

आपोआप कोण म्हणता? अहो ते, नव्या सॉफ्टवेअरचे प्रमुख, बाहेरच्या कंपनीने पाठवलेले. खरं नाव तुमच्या फायलीत असेलच, इथे सगळे आपोआपच म्हणतात — नाव मीच पाडलं, ते कशाला नाकारू. बत्तीस-तेहतीस वर्षांचा मुलगा, पाठीला सॅक, दोन्ही कानांत काहीतरी घातलेलं, आपण बोललो की एका कानातलं काढायचा, दुसरं तसंच. म्हणजे अर्धंच ऐकायचं हे आधीच ठरलेलं. पहिल्या मीटिंगला मी विचारलं, डेटाची टेबलं कोण तयार करणार? म्हणाला, आपोआप होतात. म्हटलं, आणि इंडेक्स? तेही आपोआप. म्हटलं, उद्या रकाना वाढला तर? ‘ताई, तोही आपोआप.’ — ताई. ओळख ना पाळख, पाच मिनिटांत मी ताई. मी म्हटलं, मग तुम्ही काय करता हो दिवसभर? सगळे हसले. तोही हसला म्हणा. मनाला लावून घेणाऱ्यातला नव्हता, तेवढं खरं.

आता हे आपोआप म्हणजे काय, ते सांगते, नाहीतर तुमचा कागद कोराच राहायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची भाषा वेगळी, डेटाबेसची वेगळी. पूर्वी दोन्ही शिकावं लागायचं. आता मध्ये दुभाषा ठेवतात — ओआरएम म्हणतात त्याला, लांबलचक नाव आहे, सोडा. तुम्ही तुमच्या भाषेत सांगायचं, तो डेटाबेसला सांगणार, उत्तर आणून देणार. सोय आहे, नाही कोण म्हणतंय. पण दुभाष्यावर सगळं सोपवलं की समोरचा काय म्हणाला ते आपल्याला कधीच कळत नाही. दुभाषा सांगेल ते खरं. समोरचा घसा फोडून ‘नाही’ म्हणाला, आणि दुभाष्याने तुमच्याकडे वळून नुसती मान डोलावली, तर तुम्ही समजणार, झालं काम. आणि इंडेक्स म्हणजे — जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, अमुक शब्द अमुक पानावर, तसलं. सूची नसेल तर एका नावासाठी साडेसहा लाख पानं उलटत बसायचं. हा झाला साधा. दुसरा असतो तो राखणदार. तो नुसता शोधून देत नाही, दाराशी बसतो. हा नोंदणी क्रमांक आधीच एकाला दिलाय का? मग दुसऱ्याला आत सोडणार नाही, जीव गेला तरी. माणसापेक्षा भरवशाचा. लक्षात ठेवा हा राखणदार, सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं.

साध्याची गंमत आधी ऐका. सॉफ्टवेअर सुरू झालं, आणि पहिल्याच आठवड्यात आडनावावरून पेशंट शोधायला चाळीस सेकंद. नोंदणीची रांग पार गेटापर्यंत, काउंटरवरच्या मुली रडकुंडीला. आपोआप म्हणतात, नेटवर्क स्लो आहे. दुसऱ्या दिवशी म्हणतात, तुमची मशीन जुनी आहे. मी बघितलं तर काय — त्यांच्या टूलने, म्हणजे त्या दुभाष्यानेच, इंडेक्सना स्वतःच नावं ठेवलेली, टेबलाचं नाव, मग रकान्याचं, मग आणखी कशाचं, एकेक नाव हे असं लांब. डेटाबेसला ठरावीक अक्षरांपुढचं चालत नाही, तो शेपूट छाटतो. छाटल्यावर दोन नावं सारखीच उरली. पहिला इंडेक्स झाला. दुसऱ्याला डेटाबेस म्हणाला, या नावाचा आहे आधीच. टूल म्हणालं, आहे ना, मग छान, चला पुढे. जुळ्यांपैकी एकाला शाळेत पोचवलं आणि दुसऱ्यालाही पोचवलं असं समजून घरी आले. मी दुपारी बसले, चार इंडेक्स हाताने घातले, आणि आडनाव टाकून बोट उचलायच्या आत पेशंट समोर. रांग ओसरली. कुणी विचारलं नाही कशी ओसरली. मीही सांगितलं नाही, मला वाटलं कळेल आपसूक.

कळलं की. पुढच्या सोमवारी त्यांनी नवं काहीतरी चढवलं. टूलने आपली यादी आणि डेटाबेस पडताळला, यादीत नसलेले चार इंडेक्स सापडले, आणि केर काढावा तसे काढून टाकले. माझे. रांग परत गेटावर. मग मीटिंग — अधीक्षक, त्यांच्या बाजूला मोठ्या डॉक्टरीणबाई, सगळे — आणि आपोआप विचारतात, हे हाताने कुणी घातलं होतं? म्हटलं मी. म्हणाला, ‘ताई, असं हाताने नका करत जाऊ, टूलचा गोंधळ होतो.’ टूलचा. गोंधळ. सव्वीस वर्षं माझा नाही झाला कधी गोंधळ. अधीक्षक हसून म्हणाले, आता जरा विश्रांती घ्या तुम्ही, सगळं आपोआप होणार आहे. सगळी खोली हसली. शब्द माझा, हशा त्यांचा. आणि संध्याकाळी पत्र — डेटा विभागाने यापुढे विचारल्याशिवाय हस्तक्षेप करू नये. पत्र आहे माझ्याकडे, प्लास्टिकच्या पाकिटात. हे बघा. सही, शिक्का, सगळं. म्हणून म्हणते, मला विचारण्यात अर्थ नाही, मॅडम. मला हात लावायची बंदी होती. जरा एक मिनिट — हॅलो. हो. नाही, पासवर्ड फोनवर देत नसतात. नाही, ओरडलात तरी देत नसतात. — नोंदणीवाले. दिवसातून तीनदा विसरतात आणि तिन्ही वेळा माझ्यावरच उखडतात.

हां, तर राखणदार. नोंदणी क्रमांक एकाला एकच, हे आपोआपनी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं, नाही असं नाही. एक शब्द लिहायचा असतो, तो लिहिला आणि निवांत झाले. आता टूलने काय करायचं? सुरू होताना डेटाबेसला जाऊन सांगायचं, या रकान्यावर राखणदार बसव. त्याने सांगितलं. पण टेबल रिकामं नव्हतं ना. आमचा जुना डेटा आणून ओतला होता त्यात, आणि त्या जुन्या डेटात अकरा जोड्या होत्या — एकच क्रमांक, दोन माणसं. सहा वर्षांपूर्वी शेजारचं प्रसूतिगृह आमच्यात विलीन केलं, त्यांची-आमची रजिस्टरं एक केली, तेव्हाच्या. मला पाठ आहेत त्या अकरा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यापुढे मी खूण केली होती, काही अडत नव्हतं. पण राखणदार कसा बसणार? आत आधीच दोघे-दोघे बसलेले. डेटाबेसने हात वर केले, नाही जमणार म्हणाला. आणि दुभाष्याने काय केलं? आरडाओरडा? काम थांबवलं? छे. लॉगमध्ये एक ओळ लिहिली — लॉग म्हणजे त्याची रोजनिशी, कुणी न वाचायची — की राखणदार बसवता आला नाही. आणि पुढे गेला. प्रोग्रॅम सुरू. हिरवा दिवा. अधीक्षकांनी पेढ्याऐवजी केक कापला. दारात राखणदार नाही, आणि आत सगळे निर्धास्त, की राखणदार आहे.

विश्वास नाही बसत? दाखवते ना. असं तोंडी बोलणारी नाही मी. हा घ्या — ती ओळ, छापून ठेवलीय. पिवळं मीच केलंय. वाचा. ‘इशारा.’ चूकसुद्धा नाही म्हणत, इशारा. चार हजार ओळींमध्ये ही एक. आपोआपच्या टीममधल्या चौघांना दिवसभर सापडली नाही ती मला दहा मिनिटांत सापडली, मोठ्या डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, अनुभव म्हणतात तो हा. तुमच्या फायलीत असेल तेही वाक्य.

— काय? तारीख? तारीख छापतोच तो प्रिंटर वर, कोपऱ्यात, त्याला काय. चार तारीख, हो. सॉफ्टवेअर सुरू झालं तो दिवस. आता लॉग त्या दिवशीचा, तर — नाही, छापल्याचीच तारीख ती, बरोबर आहे तुमचं. त्याच दिवशी छापला. मी लॉग वाचते, मॅडम. सव्वीस वर्षं वाचतेय, लोक वर्तमानपत्र वाचतात तसा. त्यांचं सॉफ्टवेअर दहा वाजता सुरू झालं आणि सव्वादहाला मी ही ओळ वाचली. मग? मला बंदी होती ना. पत्र दाखवलं ना मी आत्ता. — एकोणीस तारखेचं. हो, पत्र एकोणीसचं आहे. मधे पंधरा दिवस. तुम्ही हिशेबाला बऱ्या आहात. तुम्ही काहीच लिहून घेत नव्हता मघापासून, एवढं समजावून सांगत होते तेव्हा पेन खाली, आणि आता बरं लिहायला लागलात.

हे बघा, मला कुणी विचारलं नाही. जुना डेटा नेताना एका शब्दाने कुणी विचारलं का, की बाई, यात खाचखळगे काय आहेत? नाही विचारलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि मला वाटलं, चार-आठ दिवसांत त्यांचं त्यांना कळेल, तोंडघशी पडतील, येतील धावत, मग सांगू. यात काय वाईट आहे? एकदा पडल्याशिवाय माणूस बघून चालत नाही. पडायची वाट बघत होते म्हणा हवं तर. म्हणजे तशी नाही — मी लक्ष ठेवून होते. रोज. सकाळी आल्या आल्या, पर्स ठेवायच्या आधी, एक ओळ चालवायची, एकच क्रमांक असलेल्या जोड्या किती. अकरा. अकरा. महिनाभर अकराच. मग एके दिवशी बारा. दोन काउंटरनी एकाच क्षणी नवीन क्रमांक मागितला, दोघांना तोच मिळाला, आणि अडवायला दारात कुणी नाही. मी म्हणाले होते की नाही? म्हणाले नव्हते, पण मनात. खरं सांगते, बरं वाटलं मला. मग तेरा. पंधरा. मी त्या मागच्या कॅलेंडरवर आकडे — ते नका बघू, तसलं काही नाही ते, गॅस सिलिंडरच्या तारखा पण आहेत त्यात.

हो, त्या बाईंकडेच येतेय. लिफ्टवाल्याची बायको. तुम्ही आलात त्याच लिफ्टमधून आला असाल, तो उंच, किंचित वाकून उभा राहतो तो. वीस वर्षं मी त्याच्या लिफ्टने येते. मला मजला सांगावा लागत नाही. मंगळवारी म्हणाला, आमच्या मंडळींना ॲडमिट करतोय, गुडघ्याचं ऑपरेशन आहे शुक्रवारी, जरा लक्ष असू द्या. म्हटलं, काळजी करू नका, हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं. बुधवारी सकाळी माझा आकडा एकोणीस. नवी जोडी, काउंटर दोन आणि काउंटर पाच, दोन बायका, एक क्रमांक. मी दोन्ही नावं वाचली. स्क्रीनवर समोर होती. एकीच्या पुढे तांबड्यात लिहिलेलं, अमुक इंजेक्शनची ॲलर्जी. दुसरीपुढे काही नाही. वाचलं आणि बंद केलं. मला काय माहीत हो, लिफ्टवाल्याच्या बायकोचं नाव काय आहे? वीस वर्षांत तो ‘मंडळी’ म्हणाला, नाहीतर ‘घरचे’. मी कधी विचारलं नाही. आडनाव? त्याचंही आडनाव मला माहीत नव्हतं. लिफ्टवालेच म्हणतो आम्ही सगळे.

ऑपरेशन झालं, बाई अजून गुंगीत, बोलायच्या स्थितीत नाहीत. सिस्टरने क्रमांक टाकला. टूलला दोघी सापडल्या, त्याने पहिली उचलून दिली. ॲलर्जी, काही नाही. मनगटावरची पट्टीसुद्धा त्याच स्क्रीनवरून छापलेली, तीही कोरी. सिस्टरची काही चूक नाही, ते आधी लिहा. इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत घसा सुजला, ओठ निळे. सिस्टर जागेवर होती म्हणून वाचल्या. नऊ दिवस नळीवर. आता घरी आहेत, पण जिना चढवत नाही, चार वाक्यं बोलल्या की थांबतात. दुपारी अधीक्षकांनी सगळ्यांना बोलावलं, असं झालंच कसं. आपोआपची माणसं कोडची उलटापालट करतायत, आणि मी — दहा मिनिटं थांबले मी. मुद्दाम. लगेच सांगितलं असतं तर बरं दिसलं नसतं. मग म्हटलं, राखणदार आहे का बघा. नव्हता. मीच बसवला, एकोणीस जोड्या वेगळ्या केल्या आणि एक ओळ चालवली. बारा सेकंद लागले. टाळ्या नाही पडल्या, पण पडल्यासारखंच होतं. लिफ्टवाला दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाला, तुम्ही होता म्हणून कळलं तरी.

आपोआपला काढलं ना कंपनीने. हो, माहीत आहे मला. माझ्या टिपणावरूनच काढलं, त्यात काय लपवायचं. त्याने बघायला हवा होता लॉग, त्याचं काम होतं. — काय म्हणतो तो? तुम्ही भेटलात त्याला? असं का. काय म्हणाला? — नाही, माझ्याविषयी काही नाही बोलला? काहीच नाही?

बघा, त्याने सांगितलं नाही तर मी कशाला सांगू. पण आता — आला होता तो इथे. त्या मीटिंगनंतर, मला हसले होते ना सगळे, त्याच्या दुसऱ्या दिवशी. याच खुर्चीत बसला. दोन्ही कानांतलं काढून आला होता. म्हणाला, ताई, काल तसं व्हायला नको होतं, सगळ्यांसमोर. म्हणाला, मला प्रोग्रॅम येतो, पण खरं सांगू का, डेटाबेसमधलं आतलं मला तेवढं कळत नाही, कंपनीत कुणालाच कळत नाही, तुम्हाला काही वावगं दिसलं तर मला सांगाल का, पत्राचं मनावर घेऊ नका. पिवळा केलेला हा कागद तेव्हा या खणात होता. खण असा, अर्धा उघडा. मी म्हटलं, मी कशाला सांगू? तुमचं टूल सांगेल की. आपोआप.

हसला तो. त्याला वाटलं, गंमत केली.

आता काय लिहिताय एवढं? त्याला काही अर्थ नाही, ते गप्पांच्या ओघात म्हटलं मी. आणि ते काय विचारलंत — नाव ओळखलं असतं तर सांगितलं असतं का? कसला प्रश्न हा. सांगितलंच असतं. त्याच क्षणी — म्हणजे आधी बघितलं असतं की खरंच तीच का, मग —

अर्धा तास झाला तुमचा. तो कागद राहू द्या इथेच, छापलेला. बरं, न्या. या आता. डाव्या हाताला लिफ्ट आहे, हा चौथा मजला, तळाचं बटण दाबावं लागत नाही, लिफ्टवाला विचारत नाही. नाही, तुम्ही व्हा पुढे. मी अलीकडे जिन्यानेच जाते.